ओठ हलताना दिसतील तोवर

कडाव,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय आजोबा,

शिरसाष्टांग वगैरे तुम्हाला आवडत नाही, म्हणून नुसता नमस्कार. वाढदिवसाला तुम्ही दिलेल्या अंतर्देशीय पत्रांच्या गठ्ठ्यातलं हे पहिलं. माझ्या मैत्रिणींना त्यांचे आजोबा ड्रेस देतात. माझे आजोबा पडले निवृत्त पोस्टमन, त्यात कानांनी गेलेले, म्हणून मला कोरी पत्रं, आणि त्यावर कुंभिवलीचा पत्ता आधीच लिहून ठेवलेला. आई म्हणते, "फोनवर बाबांना काय ऐकू येतंय? लिही गपचूप."

आधी खेळाचं सांगते. देवेश सरांनी मला पहिल्या सातांत घेतलंय, चढाईसाठी. पुढच्या महिन्यात कशेळ्याला कबड्डीचे तालुक्याचे सामने आहेत आणि तिथूनच जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणार आहेत. सर म्हणाले, हर्षलाचा दम इतका लांब आहे की समोरच्या मुलीच वाट बघून दमतात. पंधरा वर्षांत मला कुणी इतकं चांगलं बोललेलं आठवत नाही, तुम्ही सोडून.

आता दुसरं. शाळेत तपासणी झाली. वजन, डोळे, दात, आणि दंडाला पट्टा बांधून बीपी. बाकीच्यांचं एकदाच घेतलं, माझं सिस्टरनी परत घेतलं, मग हात बदलून घेतलं. कार्डावर लिहिलंय की बीपी पुन्हा तपासावं आणि डॉक्टरांना दाखवावं. मी सरावातून धावत गेले होते, त्यामुळेच असणार. कार्ड दप्तरात तळाशी ठेवलंय. आईला सांगितलं तर ती आधी रडणार आणि मग खेळ बंद करणार. धोंडूआजीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "पोरीच्या जातीला या वयात कसलं गं बीपी? आमी नाय ऐकलं कधी. म्हातारपणी येतं ते, तेबी बाप्यांना."

मला काही होत नाही. फक्त सराव झाला की मानेकडून डोकं दुखतं, कधीकधी गरगरतं. तुम्हाला बीपी आहे म्हणून तुम्हाला विचारते, काय करू? कुणाला सांगू नका मात्र.

तुमची,
हर्षला

०

कुंभिवली,
१० ऑगस्ट २०२४

चि. हर्षला,

तुझं पत्र सहाव्या दिवशी मिळालं. आमच्या वेळी कडावचं टपाल तिसऱ्या दिवशी खालापुरात असायचं. पण ते असो, हल्लीच्या पोस्टमन पोरांच्या वाट्याला घरं तरी किती आहेत, हायवेच्या कडेला रोज एक नवी इमारत उगवते आणि एकीलाही धड नंबर नाही.

पहिल्या सातांत आलीस हे वाचून मी उठून उभा राहिलो. तुझा ओमकार मामा टायरच्या दुकानातून बघत होता, त्याला वाटलं मला विंचू चावला. त्याला पत्र दाखवलं, म्हणजे खेळापुरतंच दाखवलं, खालचा भाग हाताने झाकला. तुझं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे.

बीपीची काळजी करू नकोस. तुझ्या वयाला बीपी खाली जातं, वर जायला माझ्यासारखं म्हातारं व्हावं लागतं. पोरीचं अंग वाढीचं, त्यात तू मैदानात घाम गाळतेस, अंगातलं मीठ निघून जातं आणि मग गरगरतं. मला हे अनुभवाने माहीत आहे. चैत्र-वैशाखात सायकलवर टपाल वाटताना मलाही असंच व्हायचं. तुझी आजी तेव्हा बाटलीत पाणी भरून द्यायची, त्यात लिंबू, साखर आणि चांगलं चमचाभर मीठ. दोन घोट घेतले की मी पुढचं गाव गाठायचो. तूही सरावाआधी आणि नंतर तेच घे. विहीणबाईंना सांग, मीठ हात सैल सोडून घाला म्हणावं. आणि सकाळी पेजेबरोबर खारा बोंबील खात जा, नुसती पेज पिऊन कबड्डी होत नाही.

दम सोडू नकोस.

तुझा आजोबा,
सखा

०

कडाव,
३० ऑगस्ट २०२४

प्रिय आजोबा,

तुमचं पाणी मी रोज घेते. धोंडूआजीला तुमचा निरोप दिला, तर तिला भलताच हुरूप आला. आता सकाळी एक बाटली, सरावाला एक, शिवाय ताटात रोज सुकट. ती म्हणते, व्याह्यांनी पयल्यांदा कायतरी कामाचं सांगितलंय.

पण आजोबा, डोकं थांबत नाही. उलट वाढलंय. आणि आता एक घोटाळा झालाय. शाळेत आलेल्या यादीत माझ्या नावापुढे सिस्टरनी खूण केली होती, ती देवेश सरांनी पाहिली. त्यांनी मला सरळ सिस्टरसमोर नेऊन बसवलं. ह्या वेळी मी धावून आले नव्हते. सिस्टरनी मला खुर्चीत पाठ टेकवून बसवलं, बोलायचं नाही म्हणाल्या, मोठ्या दंडाचा दुसरा पट्टा आणला आणि सावकाश घेतलं. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला, खालचा शहाण्णव. कमी नाही आजोबा, जास्त आहे. तुमच्यासारखं.

सर म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय कशेळ्याला नेणार नाही. सिस्टर म्हणाल्या, आईला घेऊन ये. मी म्हटलं, आई आजारी आहे. आई तेव्हा भात निंदत होती.

आता नीट वाचा. सिस्टर पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत. तुम्ही रोज ती छोटी पांढरी गोळी घेता ना, त्यातल्या थोड्या पाकिटात घालून मला पाठवा. त्या घेतल्या की तेवढ्यापुरतं खाली येईल, सर चिठ्ठीचा हट्ट सोडतील, मी कशेळ्याला खेळेन आणि मग सामने संपले की तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येईन. शपथ. जिल्ह्याच्या संघात एकदा नाव लागलं की कुणी काढू शकत नाही. हे एवढंच एक वर्ष आहे, पुढच्या वर्षी दहावी, बाबा खेळू देणार नाहीत.

तुमच्याशिवाय हे मी कुणाला सांगू शकत नाही. लवकर पाठवा.

हर्षला

०

कुंभिवली,
४ सप्टेंबर २०२४

चि. हर्षला,

तुझं पत्र दुपारी आलं. वाचून मी गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. तुला नाही म्हणायची मला सवय नाही. लहानपणी तू माझ्या सायकलच्या दांडीवर बसून खालापूरपर्यंत आलीस, कारण तू येते म्हणालीस आणि मी थांबवलं नाही. तुझ्या आईने नंतर मला चार दिवस धड जेवायला वाढलं नव्हतं.

गोळ्या पाठवत नाही. जन्मभर मी एकच काम केलं, ज्याचं त्याला नेऊन दिलं. त्या गोळ्यांवर पत्ता माझा आहे. तुझ्या अंगात त्या काय करतील ते मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. आकडा एका दिवसापुरता खाली आला तरी तू तीच राहणार, डोकं तेच दुखणार, आणि वर सगळ्यांना वाटणार की पोर बरी आहे.

आणि ते पाणी आजपासून बंद. पत्र वाचताक्षणी बाटली ओतून दे. तुझं बीपी खाली की वर हे न विचारता मी वैद्य होऊन बसलो. पोराबाळांचं बीपी वर जातं हे मला खरंच ठाऊक नव्हतं, तरी विचारायला काय जात होतं? मला त्याचा फार त्रास होतोय.

आईला सांग. आजच सांग. तू सांगणार नाहीस हेही मला माहीत आहे.

आजोबा

०

कडाव,
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,

जनाचा नमस्कार. हर्षला लिहीत नाही म्हणून मी लिहायला बसले आहे. माझं अक्षर तुम्हाला कधी आवडलं नाही, चालवून घ्या.

तुम्ही स्वतः येऊन सगळं सांगून गेलात आणि हर्षलाला लिहिलेलं तुमचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. पोस्टमनच्या आधी पोस्टमनच पोचले म्हणून हे हसत होते. हसण्यासारखं तेवढंच झालं त्या आठवड्यात. गणपती बसले, गौरी आल्या, पण घरात कुणाचं लक्ष नव्हतं.

तुम्ही गेल्यावर आम्ही तिला कर्जतला डॉक्टर ईशानींकडे नेलं. त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा बीपी घेतलं, दोन्ही हातांचं, पायाचंसुद्धा. दरवेळी वरच. लघवी, रक्त, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, सगळं झालं, त्यात काही निघालं नाही. मग म्हणाल्या, पनवेलला लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून इको करून घ्या. केला. बाबा, तिच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. मी म्हटलं, खेळून झाली असेल, ती दणकट आहे. ते म्हणाले, खेळाने नाही. बीपी वर असलं की हृदयाला प्रत्येक ठोक्याला जोर लावावा लागतो, ओझं ओढून ओढून स्नायू जाड होतो आणि मग ताठ होत जातो. किती दिवस असं चाललंय ते कुणालाच सांगता येणार नाही. हर्षला मध्येच म्हणाली, "सायकल मारून आजोबांच्या पोटऱ्या झाल्यात तसं." त्या दिवसात ती बोलली ते एवढंच.

रोज एक गोळी सुरू केली आहे. मीठ कमी, वजन थोडं उतरवायचं, रात्री वेळेवर झोपायचं. चालायला, धावायला हरकत नाही, पण कबड्डी बंद. श्वास कोंडून पकडीत झटायचं, त्याने बीपी एकदम चढतं म्हणे. बीपी आटोक्यात आलं की परत बघू म्हणाले. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, की लवकर सापडलंय, ह्या वयात ही भिंत परत पहिल्यासारखी होऊ शकते. मी तेच धरून बसले आहे.

कशेळ्याचे सामने तिच्याशिवाय झाले. आमच्या मुली दुसऱ्याच फेरीत हरल्या. त्या दिवशी ती परसात जाऊन बसली आणि जेवलीच नाही.

सासूबाईंचं वेगळंच. त्या म्हणतात, "काळजाचं दुखणं हाय म्हटलं तर पोरीला कोण करील? कुनाला काय बोलू नका." गावात सांगितलंय, हर्षलाचा पाय मुरगळलाय. कुणी दारावरून गेलं की पोरीला लंगडायला लावतात.

तुमच्यावर ती फार रागावली आहे. तुम्हाला चुगलीखोर म्हणते. म्हणते, "मी मैदानातून बघत होते. आजोबा टमटममधून उतरले आणि गिरणीपाशी थांबले, मग पारावर थांबले. मनात खोट होती म्हणून पाय उचलत नव्हता."  पण तुम्ही आलात म्हणून आम्हाला कळलं बाबा, नाहीतर पोर तशीच खेळत राहिली असती.

डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला बीपी आहे विचारलं. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाले, त्यांनाही एकदा आणा. ओमकारबरोबर या. टाळू नका.

तुमची,
जना

०

कुंभिवली,
३ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षला,

उत्तर तुझ्या आईला द्यायला हवं, पण तुला देतो. वाचायचं नसेल तर नको वाचूस, पण फाडू नकोस, अंतर्देशीय हल्ली सहज मिळत नाही.

रागाव. तुझा राग रास्त आहे. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी ते दुसऱ्याच्या हातात दिलं. असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं. पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तीच टमटम पकडीन, हेही सांगून ठेवतो.

गिरणीपाशी का थांबलो? नव्या दळणाचा वास सुटला होता. म्हातारपणी माणूस वासालाही थांबतो.

तुझ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ओमकारने मला पनवेलला नेऊन आणलं. मोठ्यांच्या डॉक्टरने छातीवर थंडगार काहीतरी लावून ते यंत्र फिरवलं. माझं ठीक आहे. जुनी सायकल आहे, थोडी कुरकुरते. तू माझी चिंता करू नकोस.

आता एक करू. मी रोज सकाळी दात घासले की गोळी घेतो. तूही तेव्हाच घेत जा. तू तिकडे घोट घेशील तेव्हा मी इकडे घेत असेन. रागावून घे, तोंड वाकडं करून घे, पण घे. मीठही मी तुझ्याबरोबर सोडलं. तुझी मामी बिनमिठाची आमटी पुढे ठेवते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, पण खातो.

उत्तर आलं नाही तरी चालेल.

आजोबा

०

कडाव,
१२ जानेवारी २०२५

आजोबा,

तुमच्या ऑक्टोबरच्या पत्राला आज उत्तर देते. राग पूर्ण गेला म्हणून नाही. काल शेतावर पोपटी लावली आणि तुम्ही नव्हतात, म्हणून.

दरवर्षी मडक्यात भांबुर्डीचा पाला तुम्ही लावता आणि आम्ही कुणी लावला की परत काढून लावता. ह्या वर्षी मी लावला. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. धोंडूआजीने दोन मडकी आणली होती. "येक सगळ्यांचं, येक हर्षीचं," म्हणाली. माझ्या मडक्यात मीठ नाही, नुसता ओवा. पेंढा पेटवला, भाजलं का बघायला मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चरचर वाजलं आणि सगळे वाटून खायला बसलो. पहिली शेंग तोंडात घातली आणि मला कळलं. मीठ होतं. आजीने कुणाचं लक्ष नसताना चिमूटभर टाकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती विस्तवाकडे बघत होती. ओरडणारच होते, पण तिचं तोंड फार केविलवाणं झालं होतं. मी हळूच मडकं सरकवून ठेवलं आणि भाजलेला बटाटा खाल्ला. रात्री ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "येवढ्याश्यानं काय व्हतंय असं वाटलं गं. माज्याच हातानं त्या बाटल्या भरून दिल्या मी तुला." ती रडली. मग मीही रडले.

आणखी एक. मी लंगडणं सोडलं. दिवाळीत सोनाबाई काकूंसमोर डावा पाय ओढत गेले आणि परत येताना उजवा. त्यांनी विचारलं, "दोन्ही पाय मुरगळलं का गं?" घरी येऊन मी आजीला सांगितलं, आता बास. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन मुलींना सगळं खरं सांगितलं. बीपी, इको, भिंत, गोळी. मला वाटलं त्या लांब बसतील. त्या म्हणाल्या, मग तू गुण तरी लिही की बसून. आता मी रोज कडेला बसून सगळ्यांच्या चुका काढते. देवेश सर म्हणतात, हिला खेळायला घ्या लवकर, नाहीतर ही आम्हाला खेळू देणार नाही.

बीपी आता बरंच खाली आलंय. ईशानी मॅडमनी धावायची आणि मुलींबरोबर हलका सराव करायची परवानगी दिली. चढाई नाही, पकड नाही. कधीकधी मी एकटी रेषेपाशी उभी राहते. आजोबा, मला भीती वाटते. खेळ गेला त्याची नाही, म्हणजे त्याचीही, पण रात्री कुशीवर झोपलं की ठोका कानात ऐकू येतो आणि वाटतं, ती भिंत आत्ता ह्या क्षणी जाड होत असेल. आईला हे सांगत नाही. तुम्हालाच सांगते, आणि ह्या वेळी तुम्ही कुणाला सांगितलंत तरी चालेल.

गोळी रोज दात घासल्यावर घेते. पोपटीला का नाही आलात?

हर्षला

०

कुंभिवली,
२० जानेवारी २०२५

चि. हर्षला,

पत्र दारातच उभ्याने वाचलं. नवा पोस्टमन अजून समोर होता, त्याला चहा पाजला.

थंडी फार होती म्हणून आलो नाही. दुसरं काही नाही.

ठोका कानात येतो तेव्हा तो मोजू नकोस आणि त्याच्याशी भांडूही नकोस. तो काम करतोय एवढंच समज. मलाही येतो ऐकू. बाहेरचं काही ऐकू येत नसल्यामुळे मला तर आतलं जरा जास्तच येतं. डॉक्टर म्हणालेत ना की भिंत परत पहिल्यासारखी होऊ शकते? मग आपण आपलं काम करायचं, गोळी आणि अळणी आमटी. भीती वाटली की मला लिही. मी जागाच असतो.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. पाणी मी सांगितलं होतं, त्यांनी फक्त भरलं. त्यांनी जीवाला लावून घेऊ नये.

पाला दाबून लावलास ना? वर तोंडाशी जास्त लागतो.

आजोबा

०

कडाव,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय आजोबा,

शुक्रवारची सुट्टी झाली आणि काल पनवेलला जाऊन आलो. दुसरा इको झाला. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी जुना इको शेजारी उघडला आणि आईला जवळ बोलावलं. म्हणाले, "बघा, भिंत जवळजवळ हिच्या वयाच्या मुलीची असते तशी झाली आहे." आईने पदराने तोंड झाकलं. गोळी चालू ठेवायची आहे, मीठ, झोप, सगळं तसंच, बीपी घरीच मोजायचं. पण खेळायला परवानगी दिली. चढाईसुद्धा. पकडीत श्वास कोंडून राहायचं नाही, आणि डोकं दुखलं की थांबायचं, एवढीच अट.

हे सगळं मला पत्राच्या शेवटी लिहायचं होतं, पण राहवलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. उठताना डॉक्टर आईला सहज म्हणाले, "तुमच्या वडिलांचा दम कसा आहे आता? चढ चढू देऊ नका." मी आईकडे बघितलं. परत येताना कर्जत आल्यावर तिने सगळं सांगितलं. तुमच्या हृदयाची भिंत माझ्यापेक्षा कितीतरी जाड झालीय. ती आता ताठ झालीय आणि परत पहिल्यासारखी होणार नाही, आहे तिथे राहावी म्हणून औषध. तुम्हाला चालताना धाप लागते. तुम्हाला बरं वाटायचं म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं गोळी एक दिवस घ्यायचात आणि आठ दिवस विसरायचात. माझी चिठ्ठी आली तेव्हा जी पट्टी तुम्ही हातात घेऊन बसलात ती जवळजवळ भरलेली होती, ओमकार मामाने आईला सांगितलं.

म्हणजे गिरणीपाशी तुम्ही दळणाच्या वासाला थांबला नव्हतात. पारावरही नाही. तुम्हाला पुढे चालवत नव्हतं आणि तरी तुम्ही आमच्या घरापर्यंत आलात. मी मैदानातून बघत होते आणि मनात तुम्हाला शिव्या देत होते. मग कितीतरी दिवस तुम्हाला चुगलीखोर म्हणाले. पोपटीला का नाही आलात म्हणून तोऱ्यात विचारलं.

आजोबा, मला फार वाईट वाटतंय. रागही येतोय. माझं ठीक आहे असं तुम्ही लिहिलंत. मी तुम्हाला खरं लिहायचं आणि तुम्ही मला नाही, हा कुठला न्याय?

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कशेळ्याला सामना आहे. बाबा खेळू देणार नाहीत असं मी लिहिलं होतं, पण त्यांनी स्वतः टेंपोतून सगळ्या मुलींना न्यायचं कबूल केलंय. दहावी आहे ते नंतर बघू म्हणतात. मी चढाईला जाणार आहे. तुम्ही यावं असं मला फार वाटतं, पण चालत यायचं नाही. ओमकार मामाला सांगितलंय, गाडी थेट मैदानापाशी लावायची. दमत असाल तर नका येऊ. पण खरं कारण लिहा, थंडी म्हणू नका, सप्टेंबरात थंडी नसते.

तुमची,
हर्षला

०

कुंभिवली,
२४ ऑगस्ट २०२५

चि. हर्षला,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यातली इकोची ओळ मामीला वाचून दाखवली, मामाला दाखवली, आणि टायर बदलायला थांबलेल्या एका ट्रकवाल्यालाही. तो पंजाबचा होता, त्याला मराठी येत नव्हतं, तरी हात मिळवून गेला.

न्यायाचं म्हणतेस ते खरं. यापुढे खरं लिहितो. खरं असं आहे की दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, आणि हायवे ओलांडून पलीकडच्या दुकानात जाणं मी बंद केलंय. गोळी मात्र मागच्या ऑक्टोबरपासून एकदाही चुकली नाही. तुझ्याबरोबर घ्यायची ठरलं होतं ना? तू तिकडे घोट घेतेस आणि मी इकडे विसरलो, हे मला जमलं नसतं. डॉक्टर म्हणाले, आता आहे तिथे थांबलंय. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. माझं वाढत गेलं तेव्हा कुणी दंडाला पट्टा बांधून बघितलं नाही, आणि बघितलं तेव्हा मीच ऐकलं नाही. तुझं बघितलं आणि तू ऐकलंस, रागावून का होईना.

कशेळ्याला येतो. मामा गाडी लावेल तिथेच बसेन, इकडेतिकडे मिरवणार नाही. पण खुर्ची मधल्या रेषेच्या अगदी समोर ठेवायला देवेश सरांना सांग. बाकीचे लोक तुझं कबड्डी कबड्डी ऐकतील. मला त्यातलं काहीच ऐकू येणार नाही. तू पलीकडे गेलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. तुझे ओठ हलताना दिसतील तोवर मला कळेल की दम आहे. आणि दमलीस, तर गुण सोडून दे आणि परत ये. रेषेला नुसता हात लागला तरी चालतं, हे तूच मला शिकवलंस.

येताना वालाच्या शेंगांचं बी आणतो. ह्या वर्षी पोपटीला पाला मी लावणार, बसून.

तुझा आजोबा,
सखा